दगडात कोरलेली कोडी : पाटेश्वरची 'गूढ' शिल्पे आणि त्यांची हरवलेली किल्ली

#थ्रेड

१/ साताऱ्याच्या आग्नेयेस, देगावच्या पुढे एक डोंगर आहे. त्यावर शेकडो शिवलिंगे आहेत. काही अंगठ्याएवढी, काही पुरुषभर उंचीला भिडणारी. बरीचशी आपण गावच्या देवळात पाहतो तशी नाहीतच. हाच पाटेश्वर. 'तांत्रिकांची जागा', 'अघोरी साधनेचे ठिकाण' अशी त्याची ख्याती सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या दगडांवर नेमके काय कोरले आहे, हे सांगणारे मात्र फार थोडे. या धाग्यात आपण ते दगड वाचण्याचा प्रयत्न करू.

२/ आधी जागा समजून घेऊ. डोंगर चढताना वाटेत गणपती लागतो. वर विघ्नेश्वराचे स्थान आणि चौकोनी पुष्करणी, मग मठ, आणि त्यापुढे पाटेश्वराचे मंदिर. आजूबाजूच्या कातळात लहान लेणी खोदलेली आहेत. त्यांची लोकांनी ठेवलेली नावे ऐकण्यासारखी आहेत. एक 'मरगळ म्हैस', दुसरे 'वऱ्हाडघर'. आत पिंडींची अशी दाटी की पाहणाऱ्याला लग्नाला जमलेले वऱ्हाड आठवावे. मंदिराच्या बांधकामाशी देगावचे परशुराम नारायण अनगळ यांचे नाव जोडले जाते. संगम माहुलीच्या रामेश्वर मंदिराशीही याच अनगळांचे नाव निगडित आहे. लिंगांच्या आणि लेण्यांच्या काळाविषयी मात्र अभ्यासकांत एकवाक्यता नाही.

३/ पाटेश्वराला प्रथमच जाणारा माणूस गोंधळतो तो पिंडींच्या रूपांमुळे. एका शाळुंकेवर एक लिंग ही आपली सवय. येथे एकाच शाळुंकेवर अनेक लिंगे दिसतात. कुठे लिंगाच्या अंगावर उभ्या धारा कोरलेल्या आहेत, ते धारालिंग. कुठे चार दिशांना चार मुखे आहेत, ते चतुर्मुख लिंग. कुठे एका मोठ्या लिंगाच्या अंगावर ओळींनी बारीक लिंगे कोरली आहेत, ते सहस्रलिंग. हे कोणा लहरी पाथरवटाचे खेळ नव्हेत. यांतील प्रत्येक प्रकाराला शास्त्रात नाव आहे. ज्या वस्तूला नाव आहे, तिचा अर्थही कोणीतरी कधीतरी ठरवलेला असतो.

४/ तो अर्थ समजण्यासाठी शैव आगमांतील एक साधी विभागणी ध्यानात घ्यावी. शिवाची तीन रूपे मानली जातात. निष्कल, म्हणजे अवयवरहित. हे साधे लिंग. सकल, म्हणजे हातपाय, मुख, आयुधे असलेली मूर्ती. आणि या दोहोंच्या मधले सकल-निष्कल, म्हणजे मुखलिंग. ज्याला आकार नाही ते आकार घेऊ लागले आहे, असा तो क्षण आहे. चतुर्मुख लिंगाकडे या दृष्टीने पाहिले की दगडातून चेहरा 'बाहेर येत' असल्याचा भास का होतो ते कळते. शिल्पकाराला दाखवायचे होते ते हेच.

५/ साध्या लिंगालाही अशीच रचना आहे. शास्त्रोक्त लिंगाचा तळ चौकोनी, मधला भाग अष्टकोनी आणि वरचा भाग गोल असतो. चौकोन ब्रह्मभाग, अष्टकोन विष्णुभाग, गोल रुद्रभाग. पहिले दोन भाग पीठात आणि शाळुंकेत दडलेले असतात. आपण पाणी घालतो ते फक्त रुद्रभागावर. चौकोनाचे कोपरे वाढत वाढत अष्टकोन होतात आणि शेवटी कोपरेच उरत नाहीत. सृष्टी, स्थिती आणि लय यांचे एवढे नेटके भूमितीय चित्र क्वचितच कुठे सापडेल. त्याचा मोठा भाग डोळ्यांआड असतो, तरीही तो घडवला जातो.

६/ आता मुखांकडे वळू. मुखे चार कोरलेली असली तरी शिवाची मुखे पाच मानतात : सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष आणि ईशान. पाचवे ईशान ऊर्ध्वमुख. ते बहुधा कोरत नाहीत. लिंगाचा माथा तेच मानले जाते.

यातील तिसऱ्या नावापाशी जरा थांबू. 'अघोर' म्हणजे जे घोर नाही ते. हे दक्षिणेकडचे मुख उग्र दाखवतात; नाव मात्र सांगते की ते भयंकर नाही. आज मराठीत 'अघोरी' या शब्दाचा अर्थ नेमका उलटा झाला आहे. एका शब्दाचा हा उलटा प्रवास म्हणजे या सगळ्या शिल्पांच्या नशिबाची कथाच आहे. तिच्याकडे पुढे पुन्हा येऊ.

७/ संख्यांचीही एक भाषा असते. पाच म्हणजे पंचमुख. आठ म्हणजे अष्टमूर्ती : पृथ्वी, जल, तेज, वायू, आकाश, सूर्य, चंद्र आणि यजमान. नऊ म्हणजे ग्रह. अकरा म्हणजे रुद्र. बारा म्हणजे आदित्य. हजार म्हणजे मोजदादीपलीकडचे. म्हणून शाळुंकेवर एकाहून अधिक लिंगे दिसली की प्रथम ती मोजावीत. आपली आजी रुद्राची एकादशणी, सोमवारांचे सोळा, बेलाची तीन पाने असा हिशेब बोटांवर करीत असे. तोच हिशेब येथे दगडावर मांडला आहे. आजीच्या व्रताला आपण गूढ म्हणत नाही, मग दगडालाच का म्हणावे?

८/ एकाचे अनेक करण्याची ही ओढ एकट्या पाटेश्वरापुरती नाही. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे येथील सागरेश्वर पाहावे. मुख्य मंदिराभोवती लहान लहान शिवालयांचा मोठा समूह उभा आहे. पाटेश्वरात एका शाळुंकेवर जे घडते ते सागरेश्वरात आख्ख्या परिसरावर घडले आहे. मूळ देव एक. त्याची रूपे, नवस आणि दाने अनेक. या दृष्टीने पाहिले की कृष्णेच्या खोऱ्यातील ही दोन ठिकाणे एकाच भाषेतील दोन वाक्यांसारखी दिसू लागतात.

९/ आता पाटेश्वरातील सर्वांत नवलाच्या मूर्तीकडे येऊ. तिला 'अग्निवृष' म्हणतात. बैल आणि मनुष्य एकाच पाषाणात एकरूप झालेले आहेत. नंदी म्हणावे तर माणूस दिसतो, माणूस म्हणावे तर बैल. प्रथमदर्शनी दचकायला होते, आणि 'काहीतरी अघोरी' ही प्रतिक्रिया उमटते ती बहुधा येथेच. पण या मूर्तीचे मूळ स्मशानात नाही. अभ्यासक ते ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील ५८ व्या सूक्तात शोधतात.

१०/ त्या सूक्ताच्या तिसऱ्या ऋचेत एक कोडे घातले आहे. त्यातला बैल असा : शिंगे चार, पाय तीन, डोकी दोन, हात सात. तो तीन ठिकाणी बांधलेला आहे आणि डरकाळी फोडतो आहे. हा महान देव मर्त्य माणसांत शिरला आहे, असेही ऋषी सांगतो. कोण हा?

आपल्याकडे उखाणे आणि हुमाण्यांची जी परंपरा आहे, तिचा हा अतिप्राचीन पूर्वज मानायला हरकत नाही. कोडे घालणारा ऋषी उत्तर देत नाही. ते शोधण्याचे काम त्याने ऐकणाऱ्यावर सोपवले आहे.

११/ पहिले उत्तर निरुक्ताच्या परंपरेत मिळते. हा बैल म्हणजे यज्ञ. चार शिंगे म्हणजे चार वेद. तीन पाय म्हणजे दिवसातील तीन सवने, म्हणजे सोमरस काढण्याच्या तीन वेळा. दोन डोकी म्हणजे यज्ञाचा आरंभविधी आणि समाप्तिविधी. सात हात म्हणजे सात छंद. आणि तीन बंधने म्हणजे मंत्र, ब्राह्मण आणि कल्प हे तीन प्रकारचे ग्रंथ. बैलाचे सगळे अवयव यज्ञाच्या व्यवस्थेत नेमके बसतात. यज्ञ म्हटला की अग्नी आलाच. 'अग्निवृष' हे नाव या उत्तराशी जुळते.

१२/ दुसरे उत्तर इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातले, पतंजलीच्या महाभाष्यातले. व्याकरण का शिकावे, हे सांगताना तो याच बैलाला पुढे आणतो. त्याच्या मते हा बैल म्हणजे शब्द, म्हणजेच भाषा. चार शिंगे : नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात. तीन पाय : भूत, वर्तमान, भविष्य. दोन डोकी : शब्दाचे नित्य रूप आणि उच्चारातून घडणारे रूप. सात हात : सात विभक्ती. तीन ठिकाणी बांधलेला : छाती, कंठ आणि मस्तक, जिथून आवाज उमटतो. शाळेत 'देवः देवौ देवाः' घोकलेल्या प्रत्येकाने या बैलाचे सातही हात धरलेले आहेत!

१३/ कोडे एक आणि उत्तरे दोन. दोन्ही चोख बसतात. आपल्याकडे प्रतीक म्हणजे काय मानले जाई ते यावरून कळते. एका चिन्हाचा एकच गुप्त अर्थ असतो आणि तो मोजक्या लोकांनाच ठाऊक असतो, ही समजूत अलीकडची आहे. जुन्या दृष्टीने प्रतीक म्हणजे विचार लक्षात ठेवण्याची चौकट. यज्ञ करणाऱ्याने त्यात यज्ञ ठेवावा, वैयाकरणाने व्याकरण. पुढे दक्षिणेत चिदंबरमच्या गोपुरावर दोन डोकी, तीन पाय आणि सात हात असलेला अग्नी मूर्तिरूपात आला. शब्दातले कोडे दगडात उतरवण्याची ही परंपरा व्यापक होती. पाटेश्वराचा डोंगर त्या परंपरेतील आपले घरचे ठिकाण आहे.

१४/ मराठी माणसाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या आरंभीचा गणपती आठवावा. ज्ञानदेव त्याला शब्दब्रह्माची मूर्ती म्हणून उभा करतात. पुराणे हे त्याचे अलंकार, सहा दर्शने हे त्याचे हात. अवयवागणिक एकेक शास्त्र. पतंजलीने बैलाच्या अंगावर व्याकरण वाचले, ज्ञानदेवांनी गणेशाच्या अंगावर सारे वाङ्मय वाचले. ज्याने तो गणपती समजून घेतला आहे, त्याला अग्निवृष समजून घेण्याची रीत आधीच अवगत आहे.

१५/ 'मग तंत्र, दीक्षा, गुप्तता हे सगळे खोटे का?' असा प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. खोटे मुळीच नाही. शैव, शाक्त आणि नाथ परंपरांत दीक्षेशिवाय न सांगण्याच्या गोष्टी होत्या. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा हे गोरक्षनाथांचे स्थान आणि नागपंचमीचे प्रसिद्ध गाव. तेथे नागाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. शेतकऱ्याला तो वारुळातला राखणदार. योग्याला तो वेटोळे घालून निजलेली कुंडलिनी. एकमेकांना विळखा घातलेल्या नागांच्या शिळेत सासुरवाशीण संतानाचा नवस पाहते, तर साधक इडा आणि पिंगला.

१६/ पण येथेही मराठीचे वेगळेपण ध्यानात घ्यावे. नाथपंथाची दीक्षा लाभलेल्या ज्ञानदेवांनी सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे वर्णन सविस्तर केले, आणि तेही लोकभाषेत. जे गुरूने शिष्याच्या कानात सांगायचे, ते कीर्तनाच्या गर्दीत आले. सातशेहून अधिक वर्षे ते गावोगावच्या पारायणांत मोठ्याने वाचले जात आहे. तेव्हा 'गूढविद्या' आपल्याकडे कुलूपबंद राहिली असे म्हणता येत नाही. किल्ली ओसरीवरच टांगलेली होती.

१७/ सामान्य माणसे प्रतीके किती सहज वाचत, याचा पुरावा वीरगळांत आहे. वाई तालुक्यात चंदन-वंदन गडांच्या पायथ्याशी किकली गाव आहे. तेथे भैरवनाथाच्या प्राचीन मंदिराच्या आवारात अनेक वीरगळ आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा. सर्वांत खाली पडलेला वीर. त्यावर लढाई, किंवा चोरांपासून सोडवलेल्या गाई. त्यावर अप्सरा त्याला वर नेताना. सर्वांत वर शिवपिंडीची पूजा करणारा वीर. माथ्याला कलश आणि दोन्ही बाजूंना सूर्य-चंद्र. म्हणजे ही कीर्ती 'आचंद्रसूर्य' टिको. एक अक्षरही न वाचता येणाऱ्या आईला आपल्या मुलाचे काय झाले ते या दगडावरून कळत असे. रहस्य राखण्यासाठी हे दगड उभारले नव्हते. आठवण राखण्यासाठी उभारले होते.

१८/ हीच भाषा देवळाबाहेर पाण्यापर्यंत पोहोचली. साताऱ्याजवळ लिंब गावी विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात, छत्रपती शाहूंच्या राजवटीत, बारा मोटांची विहीर बांधली. सुमारे ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची ही विहीर वरून पाहिली असता शिवपिंडीचा भास होतो. प्रवेशापाशी शरभ कोरले आहेत. हिरण्यकशिपूच्या वधानंतरही नरसिंहाचा क्रोध शमेना, तेव्हा शिवाने हे रूप घेतले, अशी शैव कथा आहे. म्हणजे शरभ हे बेभान झालेल्या बळाला आवर घालणारे बळ होय. गडांच्या दरवाजांवर हत्तींना पंजात धरलेला शरभ दिसतो तो याच अर्थाचा. विहिरीच्या दारी तो पाण्याचा राखणदार झाला.

१९/ मग किल्ली हरवली कुठे? एक वाट शहरांतून जाते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अजित मुखर्जी यांच्या पुस्तकांनी यंत्रे, मंडले, लिंगे जगापुढे 'तंत्रकला' म्हणून मांडली. १९७१ साली लंडनच्या हेवर्ड गॅलरीत तंत्रावर मोठे प्रदर्शन भरले. आपल्या शंकर पळशीकरांनी आणि प्रभाकर बरवे यांनी या आकारांकडे चित्रकाराच्या नजरेने पाहिले आणि त्यातून मोलाचे काम उभे केले. पण त्या लाटेत बाजाराने उचलले ते निव्वळ आकार. बिंदू, त्रिकोण, वेटोळे ही सजावट झाली. अर्थ मागे राहिला, आणि अर्थ गेलेल्या आकाराभोवती भयाची किंवा कुतूहलाची कथा आपोआप गोळा होते.

२०/ दुसरी वाट गावांतून जाते आणि ती अधिक घातक आहे. अनोळखी कोरीव दगड दिसला की 'याखाली गुप्तधन आहे' हा समज महाराष्ट्रात जुना आहे. त्या समजापायी जुनी शिल्पे उकरली जातात, फुटतात, जागची हलतात. मांत्रिक बोलावले जातात, आणि मग माणसांच्याही जिवाशी खेळ होतो. शिल्पाचा अर्थ ठाऊक नसणे हे केवळ अज्ञान राहत नाही. त्याची किंमत दगड आणि माणसे दोघेही मोजतात.

२१/ या अज्ञानाविरुद्ध आयुष्य वेचणारा माणूस साताऱ्याचाच होता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जन्म १९४५ साली साताऱ्यात झाला. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्यात अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. गुप्तधनाच्या शोधासाठी केली जाणारी अमानुष कृत्ये त्या कायद्याने गुन्हा ठरवली.

२२/ त्या कायद्याच्या लांबलचक अधिकृत नावात 'अघोरी प्रथा' हे शब्द आहेत. कायद्याने ते प्रचलित अर्थाने वापरले आणि तसेच वापरणे भाग होते. परंतु पाटेश्वराच्या चतुर्मुख लिंगापुढे उभे राहून दक्षिणेकडच्या मुखाचे नाव उच्चारले, की शब्दाचा जुना अर्थ परत ऐकू येतो. जे घोर नाही ते. अंधश्रद्धेशी लढणे आणि ही शिल्पे वाचणे ही परस्परविरुद्ध कामे नाहीत. भोंदूचे भांडवल म्हणजे आपल्याला न कळलेली चिन्हे. ती कळली की त्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

२३/ पाटेश्वराला जाल तेव्हा काही गोष्टी पाळाव्यात. पिंडीवर तेलरंग, चुना, कुंकवाचे थर चढवू नयेत. बारीक कोरीवकाम त्याखाली कायमचे बुजते. सुटे लहान लिंग उचलून देव्हाऱ्यात आणू नये. जागचे हलले की ते वाक्यातून तुटलेले अक्षर होते. लिंगे मोजावीत, मुखांच्या दिशा पाहाव्यात, छायाचित्राबरोबर जागेचीही नोंद ठेवावी. आणि सोबत मुले असतील तर त्यांना अग्निवृषापुढे उभे करून ते जुने कोडे घालावे. शिंगे चार, पाय तीन, डोकी दोन, हात सात. सांगा पाहू, कोण?

२४/ मुले उत्तर चुकतील. चुकू द्यावे. यज्ञ आणि शब्द ही दोन उत्तरे आपल्याकडे आहेतच; तिसरे कोणी सुचवले तर तेही ऐकून घ्यावे. त्या दगडासमोर माणसांनी विचार करावा, एवढ्यासाठीच तो घडवला गेला. आपण घाबरून पुढे निघून गेलो, तर घडवणाऱ्याचे श्रम वाया गेले.

आपल्या गावच्या देवळात, पारावर, विहिरीच्या दारावर असे न उलगडणारे एखादे चिन्ह असेल तर त्याचे छायाचित्र आणि गावाचे नाव खाली जरूर द्यावे. आपण सारे मिळून ते वाचू.

धागा समाप्त. 🙏